बोरीबाभळी बायका

वाचकांचे प्रश्न : लोकसाहित्य

प्रश्न : माझी आजी बार्शी तालुक्यातली. तिला जाऊन येत्या कार्तिकात वर्ष होईल. लहानपणी तिच्या तोंडून ऐकलेली एक ओवी मला अर्धीमुर्धी आठवत होती, ती मावशीने पुरी करून दिली :

एवढ्या वनामधी कोण रडतं, ऐका
सीतेला समजावया बोरी बाभळी बायका

वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा ही ओवी म्हणावी असे माझ्या मनात आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे की हे नुसते रडगाणे आहे, आणि अशा दिवशी अभंग म्हणावा, रडगाणे नव्हे. मला स्वतःला पहिली ओळ समजते, पण दुसरी नीट समजत नाही. सीतेच्या सांत्वनाला बोर आणि बाभूळ अशी काटेरी झाडेच का यावीत? ही ओवी एखाद्या मोठ्या गाण्यातला तुकडा आहे का? आणि ती मृत्यूच्या प्रसंगी म्हणण्याची ओवी आहे का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपल्या मावशींनी दिलेला पाठ चांगला आहे. गावोगाव त्यात थोडा फरक पडतो; कुठे ‘एवढ्या वनामधी’ ऐवजी ‘अरण्या वनामधी’ असे म्हणतात, कुठे ‘सीतेला’चे ‘सीताला’ होते, पण ‘ऐका’ आणि ‘बायका’ हे यमक आणि बोरीबाभळींची जोडी सहसा हलत नाही.

ओवीतला प्रसंग आधी ध्यानात घ्यावा, कारण त्याविषयी पुष्कळदा घोटाळा होतो. सीतेला वनवास दोनदा घडला. पहिल्या वनवासात राम आणि लक्ष्मण तिच्यासोबत होते आणि तो वनवास मुळात रामाचा होता. सीता आपण होऊन त्यात गेली होती. आपल्या बायकांच्या ओव्यांमध्ये नुसते ‘सीतेचा वनवास’ म्हटले की बहुतेक वेळा दुसरा वनवास अभिप्रेत असतो. रावणवधानंतर, अयोध्येला परतल्यावर, लोकापवादाच्या भयाने गरोदर सीतेला लक्ष्मणाकरवी अरण्यात नेऊन सोडण्यात आले, तो हा वनवास. वाल्मीकींच्या उत्तरकांडात लक्ष्मण तिला गंगेपलीकडे आश्रमाच्या परिसरात सोडतो, तिचे रडणे ऋषिकुमारांच्या कानी पडते, ते धावत जाऊन वाल्मीकींना सांगतात, आणि मग मुनी स्वतः येऊन तिला आश्रमातल्या तपस्विनींच्या स्वाधीन करतात. आपल्या ओवीत यांपैकी काहीच नाही. राम नाही, लक्ष्मण नाही, ऋषी नाही, आश्रमही नाही. रान आहे, रडणे आहे आणि झाडे आहेत.

ही ओवी एखाद्या मोठ्या गाण्यातून निखळलेला तुकडा आहे, असे समजण्याचे कारण नाही. जात्यावरची ओवी दोन ओळींत आपापल्या परीने पुरी असते. दळणारी बाई एका विषयावरच्या ओव्या एकीमागून एक म्हणत जाते, त्यामुळे ऐकणाऱ्याला सलग गाणे चालल्यासारखे वाटते. परंतु तिचा क्रम ठरलेला नसतो. आज सीतेच्या ओव्यांमागून माहेरच्या येतील, उद्या विठ्ठलाच्या येतील, आणि परवा तीच बाई याच ओवीनंतर आपल्या भावाचे नाव घालून नवी ओवी रचील. हा प्रकार फार जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या सुमारे ११२९ सालच्या ग्रंथात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे मुसळाच्या ठेक्यावर ओवी चालू होती. जनाबाईंचे ‘दळिता कांडिता, तुज गाईन अनंता’ आपल्या सर्वांच्या ओठांवर आहे. पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी पोइटविन यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या संग्रहात सीतेच्या ओव्या इतक्या गावांतून येतात की सीता ही या बायकांची घरातलीच बाई होती, याविषयी शंका राहत नाही.

ती घरातली का झाली, हे कळल्याशिवाय आपल्या ओवीतले रडणे कळणार नाही. दळण पहाटेचे असे. घर झोपलेले असे, दिवा एखादाच असे, आणि त्या वेळी सून जात्याशी एकटी किंवा जावेसोबत बसलेली असे. एका हाताने खुंटा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात घालायचे. पीठ सगळ्या घराचे, श्रम तिचे. दिवसभरात तोंडातून शब्द काढण्याची सोय नसलेल्या मुलीला तोंड उघडण्याची मुभा त्या तासा-दोन तासांत मिळे, कारण जात्याच्या घरघरीत तिचे बोलणे बाहेर जात नसे आणि गेले तरी ते गाणे म्हणून खपून जाई. सासूविषयी, नवऱ्याविषयी, बंद झालेल्या माहेराविषयी जे सरळ बोलता येत नव्हते ते सीतेच्या नावावर बोलता येत होते. काही अपराध नसताना घराबाहेर घातलेली, पोटात मूल असलेली, न्याय मागायला जागा नसलेली बाई तिला पुराणात शोधावी लागत नव्हती. टाकून दिलेल्या बायका प्रत्येक गावात होत्या, आणि आपणही उद्या त्यांच्यात असू ही भीती दळणारीच्या मनात असे.

आता पहिली ओळ. ‘एवढ्या वनामधी कोण रडतं, ऐका.’ कोण रडते आहे हे गाणारीला माहीत आहे, ऐकणारीला माहीत आहे, तरी ओवी प्रश्न करते. रानातून जाताना आवाज आधी येतो आणि माणूस मागाहून दिसतो, तशी ही ओळ रचलेली आहे. आपण सीतेला पाहत नाही, तिचे रडणे ऐकतो. शिवाय ‘ऐका’ हे समोरच्या बाईला सांगितलेले आहे. ती क्षणभर दळण विसरून कान देते आणि तिथून पुढे तीही या प्रसंगाची साक्षीदार होते. सीतेचे दुःख किती मोठे होते, तिच्या डोळ्यांतून कसे पाणी वाहत होते, ती काय काय म्हणाली, याचे वर्णन करण्याचा मोह कोणत्याही कवीला झाला असता. ओवीने ते एका शब्दात उरकले आहे. ‘रडतं’, एवढेच. या संयमाकडे मी आपल्या भावाचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो.

दुसरी ओळ सुरू झाल्यावर सीतेचे नाव येते, पण तोपर्यंत तिच्याभोवती कोणीतरी जमलेले आहे. तिला समजावण्यासाठी, म्हणजे तिची समजूत घालण्यासाठी, बोरी आणि बाभळी बायका होऊन आल्या आहेत. ‘बायकांसारख्या’ आल्या असे ओवी म्हणत नाही. त्या बायकाच आहेत.

ही झाडे काटेरी का, हा आपला प्रश्न अगदी योग्य आहे, आणि अर्थाची किल्ली तिथेच आहे असे मला वाटते. बोर आणि बाभूळ यांची नावे स्त्रीलिंगी असल्यामुळे त्यांना बायका करणे सोयीचे गेले, असे उत्तर पुष्कळजण देतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. चिंचही स्त्रीलिंगी आहे, तिची सावली गर्द आहे, आणि ती गावाजवळ असते. सोलापूर, बार्शी, मराठवाडा, नगर या भागांतला माळ ज्याने पाहिला आहे त्याला दुसरे उत्तर सुचेल. तिथे रान म्हणजे साल-सागाचे घनदाट अरण्य नव्हे. तिथे रान म्हणजे बोरीबाभळीच. ओढ्याच्या कडेला, बांधावर, पडीक जमिनीत कोणी लावल्याशिवाय उगवणारी, कमी पाण्यावर तगणारी, शेळ्यांनी ओरबाडलेली आणि सरपणासाठी वारंवार तोडलेली ही झाडे आहेत. ओवी रचणारीने अयोध्येच्या वाटेवरचे अरण्य पाहिले नव्हते. तिने सीतेला आपल्या माळावर आणून सोडले, आणि मग तिथे जे होते तेच सीतेच्या मदतीला आले.

या झाडांना मान नाही, हेही लक्षात घ्यावे. वडाची पूजा होते; ज्येष्ठी पौर्णिमेला बाई त्याला सूत गुंडाळते, आणि ते नवऱ्यासाठी असते. पिंपळाला पार असतो. बोरीबाभळींभोवती कोणी फेरे घालत नाही. त्यांच्या वाट्याला काम असते : बाभळीचे चिवट लाकूड औताला आणि गाडीला लागते, फांद्यांचे कुंपण होते, कोवळ्या काडीने दात घासले जातात, शेंगा शेळ्यांना जातात. गावाच्या कडेला राहणाऱ्या, कष्टाशिवाय ज्यांचा उल्लेख होत नाही अशा बायकांशी या झाडांचे फार साम्य आहे. म्हणूनच सीतेची समजूत घालण्याचे काम ओवीने त्यांना दिले. टाकलेल्या राणीजवळ जायला मानाच्या झाडांना कदाचित अडचण पडली असती. जिला गमावण्यासारखे काही नाही तीच अशा वेळी जवळ जाऊन बसते.

बोरीचा काटा कधी जवळून पाहिला आहे का? फांदीवर पानाच्या देठाशी दोन काटे असतात, पुष्कळदा एक सरळ आणि दुसरा मागे वळलेला, आकड्यासारखा. रानातून जाणाऱ्या बाईच्या पदरात हा आकडा अडकला की तिला थांबावेच लागते. ओढून चालत नाही, उलट मागे सरून हलक्या हाताने तो सोडवावा लागतो. कोणी पदर धरून ‘अगं थांब, बस जरा’ म्हणावे, तसे ते असते. ओवी रचणारीच्या मनात हेच होते असा दावा मी करणार नाही, परंतु जिने उभ्या आयुष्यात सरपण गोळा केले तिला बोरीचा हा स्वभाव ठाऊक होता, एवढे निश्चित.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. सीता गरोदर आहे. पुढे याच रानात तिला जुळे होणार आहे, आपल्या ओव्यांत ज्यांना लहू-अंकुश म्हणतात ते. बाळंतिणीला आपल्याकडे डिंकाचे लाडू देतात, आणि बाभळीच्या खोडातून डिंक पाझरतो. मूल पहिल्या संक्रांतीला आले की त्याला बोरन्हाण घालतात, त्याच्या डोक्यावरून बोरे ओततात आणि आळीतली पोरे ती वेचतात. बाळंतपण आणि बाळाचे पहिले कौतुक या दोन्ही वेळी लागणारी वस्तू या दोन झाडांकडे आहे. माहेर नाही, सासर नाही, सुईण नाही, अशा बाईपाशी तिचे बाळंतपण निभावून नेऊ शकणाऱ्या दोघीजणी येऊन उभ्या राहिल्या आहेत, असे मी ही ओळ वाचताना मानतो. ओवीत हे लिहिलेले नाही. परंतु सीतेच्या वनातल्या बाळंतपणाच्या ओव्या याच ओवीच्या मागेपुढे गाइल्या जातात, त्यामुळे हे वाचन ओढूनताणून केलेले नाही असा माझा विश्वास आहे.

हाच प्रसंग संस्कृतातल्या थोर कवींनी कसा पाहिला, ते शेजारी ठेवून बघण्यासारखे आहे. कालिदासाच्या रघुवंशाच्या १४व्या सर्गात सीतेचा आक्रोश ऐकून मोर नाचायचे थांबतात, झाडे फुले ढाळतात, हरिणींच्या तोंडातले दर्भ गळून पडतात, आणि सारे वनच तिच्या दुःखाने रडू लागते. त्यानंतर रडण्याच्या आवाजाचा माग काढीत वाल्मीकी तिथे पोचतात. प्रसंग विलक्षण सुंदर आहे. पण त्यात झाडे रडतात आणि समजूत ऋषी घालतात. भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ नाटकात वनदेवता वासंती आणि नदी तमसा या सीतेच्या सख्या होऊन येतात. ते आपल्या ओवीच्या बरेच जवळचे आहे, तरी त्या देवता आहेत. ओवीतल्या बायका ना ऋषींच्या आज्ञेने आल्या, ना स्वर्गातून उतरल्या. आणि त्या रडत नाहीत. रडणारीजवळ आपणही रडत बसणे सोपे असते. बोरीबाभळी ते करीत नाहीत, त्या समजावतात. त्या काय म्हणाल्या ते ओवी सांगत नाही, आणि सांगायला नकोच होते. दुखवट्याला बसायला आलेल्या शेजारणी काय बोलतात ते कोणाला आठवते? त्या आल्या होत्या आणि दिवस मावळेपर्यंत बसून होत्या, हे आठवते.

त्यामुळे हे रडगाणे आहे या आपल्या भावाच्या मताशी मी सहमत नाही. दोन ओळींपैकी दुसरी ओळ रडण्याविषयी नाहीच. ती रडणारीपाशी कोण आले याविषयी आहे. ओवी ऐकताना डोळ्यांत पाणी येते ते सीतेच्या दुःखाने तितके येत नाही, जितके या अनपेक्षित सोबतीने येते. ऐकणारीने मनाशी जुळवलेली असते ती आपल्या आयुष्यातली एखादी बोर किंवा बाभूळ : जिच्याकडून अपेक्षा नव्हती आणि जी आली, अशी कोणी शेजारीण, कोणी मोलकरीण, कोणी लांबची चुलती.

मृत्यूच्या प्रसंगी ती म्हणतात का, याचे उत्तर : मुळात नाही. आपल्याकडे मयताच्या वेळी बायका हेल काढून रडतात, गेलेल्या माणसाला उद्देशून बोलतात, त्याचे गुण आठवतात. तो प्रकार वेगळा आणि त्याची ओवी होत नाही. मरणावरच्या ओव्याही आहेत, विशेषतः अहेव मरणाच्या, म्हणजे नवरा हयात असताना येणाऱ्या मरणाच्या, ज्यांत बाई स्वतःच्याच अंत्ययात्रेचे, हिरव्या चुड्याचे आणि माहेराहून भावाने आणलेल्या लुगड्याचे वर्णन करते. पण त्या ओव्याही जात्यावरच्याच. प्रेताजवळ बसून म्हणण्याच्या नव्हेत. आपली ओवी तर जिवंतपणी घडलेल्या दुःखाची आहे. तरीही वर्षश्राद्धाला ती म्हणायला काहीच हरकत नाही. आजीच्या आवाजातून आपल्याकडे आलेली गोष्ट तिच्या दिवशी तिच्याच माणसांत म्हणणे यात अनुचित काय आहे? अभंग जरूर म्हणा. जनाबाईंचा एखादा म्हटलात तर दोन्ही एकाच जात्यावरचे होतील. एक विनंती मात्र करतो. ओवी पेटी-तबल्यावर बसवू नये आणि ताना घेऊन लांबवू नये. ओळ अर्ध्यावर थांबवून पुन्हा म्हणायची, मध्ये ‘बाई’ किंवा ‘गं’ घालायचे, आणि ‘बायका’पाशी आवाज खाली आणून सोडून द्यायचा, एवढीच तिची चाल. मावशी म्हणतील तशी म्हणावी.

प्रश्न : आमच्या गावातील एक वृद्ध बाई ‘राम म्हणू राम, नाही सीतेच्या तोलाचा, हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा’ ही ओवी म्हणतात. त्या रोज देवळात जातात आणि रामनवमीला पाळणाही म्हणतात. रामाला ‘हलक्या दिलाचा’ म्हणणे हा अवमान नव्हे काय? ही ओवी अलीकडे कोणी रचून घुसडली असावी, अशी शंका येते.
— एक निवृत्त शिक्षक, वाशिम जिल्हा

उत्तर : ती अलीकडची नाही. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत जुन्या बायकांच्या तोंडी ती आढळली आहे आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ती वारंवार उद्धृत केली आहे. डॉ. तारा भवाळकर यांच्या ‘सीतायन’ या पुस्तकात सीतेच्या लोकपरंपरेचा विस्ताराने विचार आहे. आपल्याला या विषयात रस असल्यास ते अवश्य वाचावे.

अर्थ सरळ आहे. एका पारड्यात सीता आणि दुसऱ्यात राम ठेवला तर पारडी समान राहत नाहीत. सीता हिऱ्याच्या मोलाची ठरली आणि रामाचे मन त्या वेळी थिटे पडले. हा निवाडा रामाच्या देवत्वाविषयी नाही, एका प्रसंगातल्या त्याच्या वागण्याविषयी आहे. उत्तरकांडात भद्र नावाचा सेवक नगरातली कुजबुज रामाच्या कानी घालतो आणि राम सीतेला बाहेर काढण्याचे ठरवतो. धोब्याची गोष्ट मागाहूनच्या कथांमधून आली. ओव्यांमध्ये तर पुष्कळदा सासू कैकेयीच किल्मिष घालते : ती सीतेकडून भिंतीवर रावणाचा पायाचा अंगठा काढून घेते, मग बाकीचे चित्र स्वतः पुरे करते आणि ते रामाला दाखवते. भद्र असो, धोबी असो की कैकेयी असो, बायकांचे म्हणणे एकच आहे : ऐकणाऱ्याने ऐकले का? जिने अग्नीत उडी घेतली तिला विचारलेसुद्धा का नाही?

पाळणा म्हणणाऱ्या आणि ही ओवी म्हणणाऱ्या बाई एकच आहेत, यात मला विसंगती दिसत नाही. जो परका आहे त्याच्यावर माणूस रागावत नाही. या बायकांनी रामाला घरातला कर्ता पुरुष मानले, त्याचा जन्म साजरा केला, आणि त्याचे चुकले तिथे घरातल्या माणसाला सुनवावे तसे सुनावले. इतक्या जवळिकीने ज्यांनी राम मानला त्यांची भक्ती कमी होती, असे म्हणायला माझे मन घेत नाही.

आपल्या विदर्भातच याचे एक ठिकाण आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यात रावेरी येथे सीतेचे मंदिर आहे, आणि त्यात सीता एकटी आहे, शेजारी राम नाही. तिथली कथा अशी सांगतात की टाकलेली सीता या गावी आली, बाळंत झाली, आणि तिने गावकऱ्यांकडे पसाभर गहू मागितले. ते कोणी दिले नाहीत, तेव्हा तिने या गावात गहू पिकणार नाही असा शाप दिला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धारात पुढाकार घेतला, आणि नवऱ्याने टाकलेल्या पण हिमतीने उभ्या राहिलेल्या बायकांचा सन्मान तिथे होऊ लागला. बोरीबाभळींची ओवी आणि रावेरीची कथा एकत्र ठेवली म्हणजे दोन्हींचा अर्थ अधिक खोल जातो : एकीत माणसांनी पसाभर धान्य नाकारले आहे, आणि दुसरीत काट्यांच्या झाडांनी जवळ घेतले आहे. गावाविषयीचे हे गाऱ्हाणे बायकांनी ओवीत कुठेही उघड मांडलेले नाही. सीतेला समजावायला एकही माणूस आला नाही, एवढेच त्या सांगतात.

प्रश्न : माझ्या आईला सीतेच्या बऱ्याच ओव्या येतात असे मावशा सांगतात, पण ‘म्हण’ म्हटले की तिला एकही आठवत नाही. त्या उतरून घेण्याचा काही उपाय आहे का?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : हे बहुतेक सगळ्याच जुन्या गाणाऱ्या बायकांच्या बाबतीत घडते. ओव्या त्यांना पाठ असतात त्या हाताच्या फिरण्याबरोबर. हात थांबला की शब्द थांबतात. घरात किंवा शेजारी कुठे जाते असेल तर ते धुऊन मांडावे, मूठभर ज्वारी घ्यावी आणि आईसोबत समोर दुसरी कोणी तिच्या वयाची बसवावी. पिठाची गिरणी आल्यापासून जाती परसात उलथी पडली असली तरी हळदीच्या वेळी अजून काढतात, म्हणजे मिळणे अवघड नाही. ‘सीतेची म्हण’ असा आग्रह धरू नये. आधी देवाची येईल, मग माहेराची येईल, आणि सीता तिच्या वेळी येईल. मोबाइलवर सबंध बैठक ध्वनिमुद्रित करावी, मधल्या गप्पांसकट, कारण एखादी ओवी कोणाकडून शिकली आणि ती कोणत्या प्रसंगाची हे त्या गप्पांतच निघते.

लिहून काढताना ‘रडतं’चे ‘रडते’ किंवा ‘न्हाई’चे ‘नाही’ करू नये. आईचे माहेर, सासर आणि ओवी शिकवणारीचे गाव नोंदवावे. एखाद्या ओवीला आईचा आवाज भरून आला तर मुद्रण थांबवावे आणि तिच्याजवळ बसावे; उरलेल्या ओव्या दुसऱ्या दिवशी घेता येतात.